फॉर्मॅटला हो म्हणू नकोस, आधी लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू केला ते आठव

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. लिनक्स टाकायचं म्हणून सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिमच चालू देणारी सेटिंग) बंद केलंस, तेव्हापासून निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय, आत चौथ्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट आहे आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतोय, "फॉर्मॅट करना पड़ेगा". तीन वर्षांपूर्वी इंदूरमधल्याच एका काउंटरपुढे मी हेच वाक्य ऐकलं होतं. आज लॅपटॉप कुणाच्या हाती देऊ नकोस.

हा पडदा बिटलॉकरचा आहे, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाचा. ४८ अंकी की ही त्याची किल्ली, आणि ती बहुधा कुणाच्या तरी मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट परत सुरू कर आणि आणखी काही बदललं असशील तर तेही पूर्वीसारखं कर. पुष्कळदा एवढ्यानेच विंडोज उघडतं, कारण हे कुलूप सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला फक्त बदललेली सेटिंग खटकलेली असते. तिथेच टीपीएम क्लिअर करायचा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नकोस.

तरीही पडदा हटला नाही तर की शोधावी लागेल, आणि माझं घोडं इथेच अडलं. मी माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहिलं, तिथे की नव्हती. म्हणजे ती कुठेच नाही, असं मी धरून चालले.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे मी एवढी पोटतिडकीने का लिहितेय ते कळेल. हस्ताक्षर ओळखण्याच्या प्रोजेक्टसाठी मी रामबाग आणि लोकमान्य नगरातल्या मराठी घरांत हिंडून ६४ जणांकडून अक्षरं लिहून घेतली होती. आपल्याकडे घरात मराठी आणि शाळेत हिंदी, त्यामुळे एकाच घरात आजी मराठी वळणाचा ल लिहिते आणि नातू हिंदी वळणाचा. श चंही तसंच. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे, फरक फक्त फाँटात दिसतो, त्यामुळे टाइप केलेल्या मजकुरातून हे कधीच हाती लागत नाही. एका आजींचा हात कापायचा, तरी त्यांनी ळ ची अख्खी ओळ दोनदा लिहून दिली, पहिली नीट आली नाही म्हणून. सगळं स्कॅन केलं आणि कागद रद्दीत दिले. बॅकअप नव्हता.

काउंटरवरच्या मुलाने मशीन सुरू केलं, पडदा पाहिला आणि जॉब शीट छापली. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. मी सही केली. चाळीस मिनिटांत कोरं विंडोज आणि सहाशे रुपयांचं बिल हातात आलं.

अकरा दिवसांनी भाऊबीजेला दादा पुण्याहून आला. ऐकून म्हणाला, "अगं, तो लॅपटॉप पहिल्यांदा मी सुरू केला होता ना, माझ्या ईमेलने." तिथेच ओवाळणीच्या पाटावर त्याने फोनवर खातं उघडलं. माझ्या लॅपटॉपचं नाव, त्यापुढे की आयडी, म्हणजे कोणती की कोणत्या कुलपाची ते सांगणारा क्रमांक, आणि त्याची पहिली आठ अक्षरं मी काढलेल्या निळ्या पडद्याच्या फोटोशी तंतोतंत जुळणारी. पण ती की ज्या नोंदींवर चालते त्या डिस्कवरच असतात, आणि फॉर्मॅटमध्ये त्या पुसल्या गेल्या होत्या. पुढे दोन रिकव्हरी प्रोग्रॅम चालवून पाहिले, हाती नुसता कचरा आला.

मायक्रोसॉफ्ट हरवलेली की नव्याने बनवून देऊ शकत नाही, हे खरंच आहे. त्याबद्दल मी त्या सेंटरला बोल लावत नाही. पण दिवसाला असे किती लॅपटॉप त्यांच्यापुढे येत असतील! "हा पहिल्यांदा कोणाच्या खात्याने सुरू केला?" एवढा एक प्रश्न त्या शीटवर छापायला काय हरकत आहे? मला आजही याचा राग येतो.

तेव्हा तू बाबा, ताई, मामा, ज्याने कोणी लॅपटॉप घेऊन दिला त्या प्रत्येकाला आज फोन कर. दुकानदाराने चालू करून दिला असेल तर त्यालाही विचार. कॉलेजच्या ईमेलने साइन इन केलं असशील तर की कॉलेजच्या खात्यात असू शकते, मग तिथल्या आयटी विभागाला गाठ. एका खात्यात अनेक की दिसल्या तर आयडी जुळवून बघ. फोनवर अंक लिहून घेताना लक्षात ठेव, सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. भाग गेला नाही तर ऐकण्यात चूक झाली.

उघडलं की सगळ्यात आधी प्रोजेक्ट बाहेर काढ, पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी. लिनक्स नंतर. आणि खरं तर उबुंटूसारख्या लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंद करावंच लागत नाही, ते चालू असतानाही बसतं. पुढच्या वेळी बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर थांबव आणि की कागदावर लिहून ठेव. दोन्ही सिस्टिम बसल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नकोस, लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतं म्हणून तसं होतं. एका सेटिंगने सुधारतं.

मी काही हार्डवेअरची जाणकार नाही आणि प्रत्येक कंपनीचा बायोस वेगळा असतो, तेव्हा मेन्यूतली नावं इकडची तिकडे असतील. अडलास तर पडद्याचा फोटो इथे टाक, रात्री अकरापर्यंत मी जागी असते. की सापडली तर मात्र तिचे अंक इथे लिहू नकोस, नुसतं "सापडली" एवढं कळव.