उन्हाळा, फ्रीज आणि वृद्धाश्रमातली औषधे

प्रश्न : अकोल्याजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात तीसेक आजी-आजोबा राहतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की आम्ही इन्सुलिनपासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत सगळीच औषधे फ्रीजमध्ये ठेवतो. हे योग्य आहे का? – एक व्यवस्थापिका

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु उपाय निम्माच बरोबर आहे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली जो ट्रे असतो, तिथे कुपी सुरक्षित राहील असे अनेकांना वाटते, पण नेमके तिथेच ती गोठण्याची भीती सर्वांत जास्त असते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी ते वापरू नये. दारातला कप्पाही नको, कारण दार उघडले की सर्वांत आधी तोच तापतो. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता, झाकणाच्या डब्यात कुप्या ठेवाव्यात. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे ३० अंशांखाली चालते. मात्र आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान तेवढे खाली राहत नाही, त्यामुळे तीही फ्रीजमध्येच बरी. इन्सुलिन टोचण्याच्या पेनच्या बाबतीत सोबतचे माहितीपत्रक वाचावे, कारण काही पेन वापरात आल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचे नसतात. काचबिंदूच्या लॅटॅनोप्रोस्ट थेंबांची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, तर उघडलेली २५ अंशांखाली सहा आठवडे चालते.

रक्तदाबाच्या गोळ्यांना मात्र सहसा फ्रीज लागत नाही. थंड पाकीट तापलेल्या हवेत काढले की त्यावर पाणी धरते, आणि ओलावा हा गोळ्यांचा उष्णतेइतकाच वैरी आहे. आठवड्याच्या गोळ्या पाकिटातून काढून उघड्या डबीत घालण्याची सोय अनेक ठिकाणी असते. कूलरच्या दमट झोतात ती डबी ठेवली, तर गोळ्या मऊ पडतात. थायरॉक्सिनच्या गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्याव्यात. पत्र्याखालची किंवा स्वयंपाकघराला लागून असलेली खोली टाळून तळमजल्यावरची, शक्य असल्यास एसीची खोली औषधांसाठी निवडावी.

दह्याभाज्यांचा फ्रीज वेगळा असावा. औषधांच्या फ्रीजमध्ये कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहावा. वीज जाऊन पारा ११-१२ अंशांवर गेलेला दिसला, तर सगळे फेकून न देता किती तास गेले ते लिहून औषधविक्रेत्याला विचारावे; किमान आकडा शून्याखाली गेला असेल, तर मात्र त्या इन्सुलिनचा मोह धरू नये.