टीव्हीच्या कामात जन्म काढायचा असेल तर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांची सुरुवात कॅमेऱ्याने झाली. उत्तरं मात्र आवाज, कंटिन्युटी (म्हणजे सीनमागून सीन सगळं जुळतं ठेवणं), डेटा आणि बिलं यांच्याकडेच वळली. या धंद्यात वीस-पंचवीस वर्षं टिकलेली माणसं बहुधा तिथेच सापडतात.

सांगलीत एका केबल चॅनेलला दोन वर्षं कॅमेरा करतोय. गणपती, सभा, सामने, पडेल ते काम. मुंबईला मालिकेत जावं की इथेच थांबावं?

ही दोन वेगळी कामं आहेत. केबल चॅनेलला एकच माणूस शूट करतो, कापतो, आवाज देतो आणि फाइल चढवतो. मालिकेत एक माणूस एकच काम करतो, पण बारा-बारा तास. मुंबईच्या आधी एक गोष्ट सांगलीतच पक्की करून घ्या: तीन कॅमेऱ्यांचं थेट प्रक्षेपण. विसर्जन मिरवणूक, कुस्तीचं मैदान, नाट्यस्पर्धा यांच्याइतकी चांगली शाळा नाही.

तिन्ही कॅमेरे एकाच फॉर्मॅटवर हवेत. एक सेकंदाला २५ फ्रेमवर आणि दुसरा ३० वर असला की स्विचर (कॅमेऱ्यांतून एक चित्र निवडून पुढे पाठवणारं यंत्र) चित्र घेईल, पण हालचाल धक्के खात दिसेल. व्हाइट बॅलन्स तिघांनी एकाच पांढऱ्या कार्डावर, एकाच जागी उभं राहून घ्यावा. ऑटो ठेवला तर गुलाल उधळला की तीन कॅमेऱ्यांत तीन रंगांचे गणपती दिसतात. शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि १/६० वर ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी लुकलुकतात. एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देते. लांबच्या कॅमेऱ्याला एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची लांब पल्ल्याची केबल) टाका, चांगल्या केबलवर ७०-८० मीटर बिनधास्त जातं. डीजेच्या जनरेटरवरून स्विचरला वीज घेऊ नका. बास वाजला की व्होल्टेज खाली येतं आणि स्विचर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तोवर पडदा काळा. वीज वेगळी घ्या आणि मध्ये यूपीएस टाका.

फुल एचडी पाठवायला ४ ते ६ एमबीपीएस लागतात, म्हणून अपलोडला १० ते १२ मिळत असेल तरच निर्धास्त व्हा. वेग दुपारी मोजून उपयोग नाही. संध्याकाळी चौकात गर्दी झाली की मोबाइल नेटवर्क बसतं. जवळच्या दुकानातून तारेची लाइन मागून ठेवा आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं जोडीला असू द्या.

एवढं ज्याला एकहाती उभं करता येतं, त्याला मालिकेच्या मल्टिकॅम युनिटमध्ये फार दिवस ट्रॉली ढकलावी लागत नाही. शिवाय मालिकांची शूटिंग आता फक्त गोरेगाव-ठाण्यात होत नाहीत. सातारा, वाई, कोल्हापूर, नाशिक इथेही युनिटं येतात आणि स्थानिक माणसं घेतात. पहिली ओळख तिथे करा, म्हणजे मुंबईत खोली शोधायच्या आधी कामाचा फोन आलेला असेल.

जाता जाता: केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांसाठी केंद्राने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नियम आणले. नोंदणी हवी, बातम्या देणारी संस्था कंपनी असायला हवी आणि दाखवलेल्या सगळ्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपायला हवं. आपल्या मालकाने हे केलंय का, ते विचारा. नोंदणीच नसेल तर अशा नोकरीच्या भरवशावर घर बांधायचं कर्ज काढू नका.

रोजच्या मालिकेत चौथा सहायक म्हणून लागलो. ‘कंटिन्युटी बघ’ एवढंच सांगितलं. नेमकं काय बघायचं? — पुणे

आधी हिशोब समजून घ्या. अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये जाहिराती वगळून साधारण २०-२२ मिनिटांचा मजकूर असतो. आठवड्याला सहा भाग म्हणजे दोन-सव्वादोन तास. ते भरून काढायचं तर रोज एक एपिसोड पडावा लागतो. म्हणून शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही, सेटच्या क्रमाने होतं. दिवाणखान्यात लाइट लागलाय तर पाच एपिसोडचे दिवाणखान्यातले सीन एका दमात. सकाळी सून २१२व्या भागात रडते, जेवणानंतर २०९व्या भागात हसत चहा आणते.

त्यामुळे तुमचं पहिलं काम एपिसोड नंबर लिहिणं नाही, कथेतला दिवस ठरवणं आहे. वन-लायनर (सीनची एकेका ओळीतली यादी) हातात आला की प्रत्येक सीनपुढे ‘कथेचा दिवस १, सकाळ’, ‘दिवस १, रात्र’ असं लिहून काढा. एकाच कथा-दिवसातले सगळे सीन, मग ते तीन एपिसोडमध्ये पसरलेले असोत, एकाच साडीत. तुमची ड्रेसदादांशी भांडणं होतील ती ही यादी केलेली नसेल तेव्हा.

दुसरं, फोटो. सीनच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक पात्राचे चार: उभा, कमरेपासून वर, पाठमोरा आणि फक्त हात. हातांचा फोटो सगळे विसरतात आणि चुका तिथेच सापडतात. बांगड्या किती, घड्याळ कुठल्या मनगटावर, पट्टी कुठल्या बोटाला, मेंदी किती फिकी झाली. पाठमोऱ्यात गजरा आणि वेणी. कमरेवरच्यात टिकली आणि मंगळसूत्र पदरावर की पदराखाली. फाइलचं नाव लगेच द्या: ‘२१२-सीन ७-सून-शेवट’. नाव न दिलेले दोन हजार फोटो म्हणजे नसलेलेच फोटो. रोज पॅकअपनंतर ते फोनमधून युनिटच्या हार्डडिस्कवर जायला हवेत.

वस्तूंमध्ये भिंतीवरचं घड्याळ पहिलं. त्याचा सेल काढून टाका आणि प्रत्येक सीनला काटे हाताने लावा. मग कॅलेंडर, निरांजनातलं तेल, पेल्यातल्या दुधाची पातळी, ताटात काय उरलंय. ताज्या फुलांचा हार असेल तर तो दुपारी मान टाकतो. आर्टवाल्यांकडे आदल्या दिवशीच दोन हार मागून ठेवा.

चूक दिसली तर कट झाल्यावर, पुढचा सेटअप लागायच्या आत, दिग्दर्शकाच्या किंवा पहिल्या सहायकाच्या कानात सांगायची. कलाकाराला परस्पर टोकायचं नाही. लाइट हलल्यावर सांगितलंत तर तोच शॉट परत घ्यायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्या दिवसाचा एक सीन उद्यावर. उद्यावर ढकललेला सीन दोनदा आला की बँक संपते. म्हणजे पुढचे तयार भाग हातात उरत नाहीत आणि रात्री आठला दाखवायचा भाग संध्याकाळी सहाला एडिटवर असतो. तो प्रकार टळावा म्हणूनच ही सगळी खटपट.

वाहिनीने शूट झालेल्या भागात बदल सुचवला की ‘पॅच’ घ्यावा लागतो, म्हणजे तेवढा तुकडा पुन्हा शूट करावा लागतो. तेव्हा तीच साडी नेमकी धुलाईला किंवा दुकानाला परत गेलेली असते. म्हणून भाग प्रक्षेपित होईपर्यंत त्यातले कपडे सोडायचे नाहीत, असं पहिल्या आठवड्यातच ठरवून घ्या.

हे काम कंटाळवाणं वाटतं, खरं आहे. पण वर्षभरात ज्याच्या डोक्यात कथा-दिवस, सेट, कलाकारांच्या तारखा आणि कपडे एकत्र बसतात, त्यालाच शेड्यूल लावता येतं. शेड्यूल लावणारा माणूस पुढे कार्यकारी निर्माता होतो, आणि त्याचा फोन मालिका संपली तरी वाजत राहतो. दिग्दर्शकच व्हायचं असेल तर दोन वर्षांनी कंटिन्युटी सोडा, नाहीतर ती तुम्हाला सोडणार नाही.

महिलांच्या मुलाखतींचा कार्यक्रम करतो. माइकवर खसखस येते आणि मागे घूं असा आवाज. महागडा माइक घ्यावा का? — रत्नागिरी

नको. आधी माइक लावण्याची पद्धत बदला. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत हवा. सिल्क किंवा कडक कांजीची साडी असेल तर पदराच्या कडेला क्लिप लावली की मान हलताच खसखस होणारच. टेपचे दोन तुकडे चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी घडी घाला, माइक मध्ये दाबा आणि एक बाजू ब्लाउजला, दुसरी पदराला चिकटवा. कापडं एकमेकांवर घासली नाहीत की आवाज जातो. वायरची छोटी गाठ करून खाली टेपने पक्की करा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. लांब मंगळसूत्र माइकवर आपटत असेल तर ते काढायला सांगू नका, माइक दोन बोटं बाजूला सरकवा. काचेच्या बांगड्यांना उपाय एकच: हात मांडीवर ठेवून बोलायला सुचवायचं. माइक पाहुण्यांना स्वतः लावू द्या किंवा युनिटमधल्या बाईंनी लावावा, आणि काय करतोय ते आधी सांगावं.

घूं बहुधा फ्रिज, पंखा किंवा डिमरचा (दिवे मंद करणाऱ्या बटणाचा) असतो. फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. परत सुरू करायला कोणी विसरत नाही. सगळं बंद करूनही घूं राहिली तर ती तारेतून येतेय. कॅमेरा अडॅप्टरवर असेल तर बॅटरीवर घ्या, गेली तर अर्थिंगचा दोष.

लेव्हल बोलताना -१२ डेसिबलच्या आसपास खेळू दे, शून्याला लागू देऊ नका. फुटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, एडिटला सांधे लपवायला लागतो.

पैसे तीन महिन्यांनी मिळतात म्हणतात. जगायचं कसं? — डोंबिवली

खरंच तसं आहे. १ जूनला लागलात, बिल ३० जूनला गेलं, ९० दिवस म्हणजे सप्टेंबर संपत आला. पहिला पैसा चौथ्या महिन्याच्या शेवटी. म्हणून चार महिन्यांचं भाडं, प्रवास आणि जेवण हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका. बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशीच ईमेलने पाठवा. नव्वद दिवस बिल मिळाल्यापासून मोजतात, काम केल्यापासून नाही. कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतो का, ते दर तिमाहीला बघा आणि विवरण भरून परतावा मागा. पुष्कळ जण हे पैसे वर्षानुवर्षं सोडून देतात. काम तोंडी ठरलं असेल तर त्याच संध्याकाळी ‘रोज इतके, शिफ्ट १२ तास, जादा तासांचे इतके’ असा मेसेज पाठवा. पलीकडून आलेलं ‘ओके’ पुढे कामाला येतं. आरोग्य विमा पहिल्या वर्षीच काढा, पाठ आणि गुडघे वाट बघत नाहीत.

मी ४४ वर्षांची, एडिटर. आता पंचविशीतली मुलं निम्म्या पैशांत कापतात. पुढे काय? — ठाणे

त्यांच्याशी वेगात लढू नका. जे काम त्यांना माहीतच नसतं त्याकडे सरका: अंतिम मास्टर, म्हणजे वाहिनीला द्यायची शेवटची पक्की फाइल. मालिका दुसऱ्या भाषेत डब करायची किंवा ओटीटीला द्यायची तर संवाद एका ट्रॅकवर, संगीत आणि इफेक्ट वेगळ्या ट्रॅकवर, आणि पडद्यावरची अक्षरं काढलेलं कोरं चित्र लागतं. घाईत सगळं एकत्र मिसळून दिलेलं असतं, आणि दोन वर्षांनी मागणी आली की जुने प्रोजेक्ट उघडत नाहीत, फॉन्ट सापडत नाही. रोजच्या भागाबरोबर हे तिन्ही वेगळे काढून ठेवणारा आणि वाहिनीच्या तांत्रिक तपासणीत फाइल पहिल्या फेरीत पास करणारा माणूस निर्मात्याला स्वस्त पडतो, मग त्याचा दर जास्त का असेना. प्रोमोचं कामही शिका. तीस सेकंदांत काय लपवायचं हे कळायला वय लागतं.

कोर्स करावा का? — अकोला

पदवी असेल तर पुण्याच्या एफटीआयआयच्या (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या) टेलिव्हिजन विभागात दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, प्रवेशपरीक्षा देऊन बघा. ते जमलं नाही तर लाखो रुपये भरून कुठल्याही ‘अकॅडमी’त जाण्यापेक्षा केबल चॅनेलला वर्ष काढा. खाजगी संस्थेत जायचंच असेल तर एकच प्रश्न विचारा: कॅमेरा आणि एडिट मशीन आठवड्याला किती तास माझ्या हातात असेल?

आमच्या चॅनेलकडे १९९८ पासूनच्या मिनी-डीव्ही आणि व्हीएचएस टेप पडून आहेत. टाकून द्याव्यात का? — चिपळूण

मुळीच नको. गावाचा पूर, जत्रा, गेलेली माणसं दुसरीकडे कुठेही नसतात. पण कोकणातल्या दमट हवेत टेपवर बुरशी येते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पांढरी पूड दिसली तर ती टेप मशीनमध्ये घालूच नका. मशीनच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) बुरशी लागते आणि पुढच्या चांगल्या टेपवर उतरते. अशा टेप वेगळ्या डब्यात ठेवून जाणकाराकडे द्या. चांगल्या टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, मगच चालवा. मिनी-डीव्ही फायरवायरनेच (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या जोडणीच्या केबलने) घ्या, म्हणजे टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, जुना शोधावा लागेल. एका तासाला साधारण १३ जीबी. शंभर टेप म्हणजे १३०० जीबी, आणि प्रती दोन, वेगवेगळ्या इमारतींत. टेप कितीही तासांची असो, तितकाच वेळ घेते, तेव्हा रोज दोन असा हिशोब धरा. तारीख, गाव आणि दिसणाऱ्या माणसांची नावं त्याच दिवशी लिहा, ओळखणारी म्हातारी माणसं शेजारी बसवून. आणि कामाला हात घालण्यापूर्वी फुटेजचा हक्क मालकाचा की तुमचा, वापरलं तर मोबदला किती, हे त्यांच्याकडून कागदावर घ्या.