देवमासे आणि नौदलाचा सोनार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (दापोली): पावसाळ्यात किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला की गावात हमखास ऐकू येतं, 'नेव्हीच्या सोनारनं मारला.' यात तथ्य किती?

सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीसारख्या वस्तू शोधणारं यंत्र. एकटादुकटा, फुगून कुजलेला देवमासा बघून त्यावर ठपका ठेवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. पावसाळी वारे आणि लाटा खोल समुद्रात मेलेली धुडं आपल्या किनाऱ्याकडे ढकलत आणतात. जहाजाची धडक, जाळ्यात अडकणं, आजार, म्हातारपण, मरायला कारणं पुष्कळ आहेत. धूड कुजलं की कान आणि मेंदू सगळ्यात आधी निकामी होतात, आणि नेमके तेच तपासायचे असतात. मग ठामपणे काहीच सांगता येत नाही.

सोनारशी नातं जोडलं गेलेल्या घटनांचा साचा वेगळा असतो. काही तासांच्या आत, लांबवर पसरलेल्या किनाऱ्यावर, अनेक प्राणी लागतात. ताजे, अंगानं धडधाकट, कधी पोटात नुकतंच खाल्लेलं अन्न असलेले. त्यात बहुतेक चोचीचे देवमासे, म्हणजे चोचीसारखं तोंड असलेल्या, खोल बुडी मारणाऱ्या जाती असतात आणि जवळपास नौदलाचा सराव चालू असतो. नुसती संख्या मोठी असली तरी पुरत नाही. जानेवारी 2016 मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनच्या बाजूला 80हून अधिक पायलट व्हेल किनाऱ्याला लागले. त्याच भागात 1973 मध्येही असंच घडलं होतं. ही जात कळपाला इतकी चिकटून राहते की एक चुकला की बाकीचे मागोमाग येतात. आणि 2023च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला जिवंत लागलेल्या पिल्लासारखं एखादं पिल्लू आईपासून तुटलं, तर त्याचे हाल व्हायला सोनार लागत नाही.

प्रश्न (पुणे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी): युद्धनौकेचा सोनार 235 डेसिबलचा असतो असं वाचलं. जेट विमान 140च्या आसपास. म्हणजे देवमाशांचे कानच फुटत असणार ना?

ही तुलना तशीच करता येत नाही. पाण्यातले डेसिबल 1 मायक्रोपास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) हा पाया धरून मोजतात, हवेतले 20 मायक्रोपास्कल धरून. शिवाय पाण्याची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग वेगळा. हा सगळा हिशेब केला की ऊर्जेच्या मापानं साधारण 62 डेसिबल वजा करावे लागतात. दुसरं म्हणजे, 235 हा आकडा स्रोतापासून 1 मीटरवरचा आहे. ध्वनी सगळ्या दिशांना सारखा पसरतो असं धरलं तर 1 किलोमीटरवर तो 175वर येतो आणि 10 किलोमीटरवर 155वर.

अगदी जवळच्या प्राण्याच्या श्रवणशक्तीला इजा होऊ शकते, हे खरं. पण माझ्या मते डेसिबलच्या आकड्यात अडकल्यामुळे मूळ गोष्ट नजरेआड होते. बहुतेक नुकसान आवाजाच्या जोरानं होत नाही. आवाज ऐकून प्राणी जे करतो, त्यानं होतं.

प्रश्न (नागपूर): म्हणजे नेमकं काय करतो? आणि हे कळलं कसं?

चोचीचे देवमासे हे खोल बुडीचे अट्टल गडी. त्यातल्या क्युव्हिए जातीची 2992 मीटर खोलीपर्यंतची बुडी नोंदली गेली आहे. ते तळाशी अंधारात 'क्लिक' आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवर माखूल टिपतात. वर येताना मात्र चिडीचूप, कारण वरच्या पाण्यात त्यांची शिकार करणारे किलर व्हेल असतात आणि आवाज केला की जागा कळते.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अशा देवमाशांच्या पाठीवर रबरी चूषकांनी चिकटणारे नोंदयंत्र लावून, जवळून सोनारसारखा आवाज ऐकवला गेला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्राण्यापर्यंत पोचणारा आवाज 89 ते 127 डेसिबल असतानाच प्रतिसाद दिसला. क्लिक बंद, म्हणजे जेवण बंद. शेपटीचे फटके जोराचे, आणि आवाजापासून दूर, लांबलेल्या बुडीत मुकाट्यानं पळ. गंमत अशी की लांबवरच्या खऱ्या सरावाचा तेवढाच मंद आवाज कानी पडला तेव्हा ते असे बिथरले नाहीत. किती मोठा आवाज, याइतकंच तो किती जवळून येतोय, हेही त्यांना कळतं असं दिसतं.

त्याच वर्षी नॉर्वेच्या यान मायेन बेटाजवळ एका बॉटलनोज व्हेलनं (हाही चोचीचाच देवमासा) सोनार ऐकून 94 मिनिटांची, 2339 मीटर खोल बुडी मारली. 2022च्या एका अभ्यासात दिसलं की ज्या जाती किलर व्हेलच्या आवाजाला जास्त घाबरतात, त्याच सोनारलाही जास्त घाबरतात. युद्धनौका त्यांना शिकाऱ्यासारखी वाटत असावी.

आता या पळापळीतून मरण कसं येतं ते बघा. 24 सप्टेंबर 2002 रोजी कॅनरी बेटांवर, नौदलांचा संयुक्त सराव सुरू झाल्यावर काही तासांतच चोचीचे 14 देवमासे किनाऱ्याला लागू लागले. ताज्या धुडांचं शवविच्छेदन झालं, तेव्हा रक्तवाहिन्यांत आणि अवयवांत वायूचे बुडबुडे आणि चरबीच्या गुठळ्या सापडल्या. खोल बुडी मारणाऱ्या माणसांना घाईनं वर आल्यावर जो 'बेंड्स' नावाचा त्रास होतो, त्याच्याशी हे मिळतंजुळतं होतं. खोल बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन नीट बाहेर पडायला या प्राण्यांचं बुडीचं एक ठरीव वेळापत्रक लागतं. भीतीपोटी ते मोडलं की वायू जागीच सुटतो, असा सध्याचा सर्वांत पटणारा खुलासा आहे. त्यातले बारकावे अजून वादात आहेत.

त्याआधी, मार्च 2000 मध्ये बहामाच्या किनाऱ्यांवर 17 प्राणी लागले होते. अमेरिकी नौदल आणि अमेरिकेचीच सागरी संस्था नोआ यांनी डिसेंबर 2001च्या संयुक्त अहवालात युद्धनौकांचा मध्यम वारंवारतेचा सोनार हेच सर्वांत संभाव्य कारण मानलं. नौदलानं स्वतःकडे बोट दाखवलं, हे विशेष.

प्रश्न (नाशिक): निळ्या देवमाशासारख्या अवाढव्य प्राण्यालाही फरक पडतो?

पडतो, पण तो त्या वेळी काय करत होता यावर. 2013च्याच आणखी एका अभ्यासात खोल पाण्यात क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाणाऱ्या निळ्या देवमाशांनी नकली सोनार ऐकून खाणं थांबवलं आणि ते तिथून निघून गेले. पृष्ठभागाजवळ खाणाऱ्यांनी फारशी दखल घेतली नाही. जीव लगेच जात नाही, पण एवढ्या देहाचं पोट भरायचं म्हणजे हुकलेला प्रत्येक घास मोजावा लागतो.

प्रश्न (मुंबई, निवृत्त नौदल कर्मचारी): सोनार बंद केला तर पाणबुडी शोधायची कशी? नौदलानं हात बांधून बसायचं का?

मुळीच नाही. डिझेल-विजेवर चालणारी पाणबुडी बॅटरीवर आली की इतकी शांत होते की नुसतं कान देऊन भागत नाही, आवाज सोडून प्रतिध्वनी घ्यावाच लागतो. सरावही केलाच पाहिजे.

पण सध्याच्या खबरदारीवर माझा फारसा भरवसा नाही. डेकवर दुर्बीण घेऊन पहारेकरी उभा करणं चांगलंच, पण जो प्राणी तास-दीड तास खाली राहून मोजकी मिनिटं वर येतो, तो लाटांत दिसणार कसा? हळूहळू आवाज वाढवत नेण्याची पद्धतही घाबरून बुडी लांबवणाऱ्याच्या कितपत कामी येईल, शंकाच आहे. काम करतं ते जागा सोडणं. स्पेननं 2004 मध्ये कॅनरी बेटांभोवती 50 सागरी मैलांत सोनारला बंदी घातली. 2013 मध्ये संशोधकांनी आढावा घेतला, तेव्हा त्यानंतर तिथे असा एकही सामूहिक प्रकार घडला नव्हता. युद्धाच्या वेळी कोणी नकाशा बघत बसणार नाही, मान्य. पण सराव कुठे करायचा ते आधीच ठरलेलं असतं. समुद्रतळाच्या ज्या दऱ्यांत हे प्राणी राहतात, त्या टाळा, एवढंच मागणं आहे.

प्रश्न (मालवण): आमच्या होडीवरच्या फिश फाइंडरनं असं काही होतं का?

नाही. तो बहुधा 50 किंवा 200 किलोहर्ट्झवर चालतो, ताकदही कमी. इतक्या वरच्या पट्टीतला आवाज पाण्यात लवकर विरतो. नौदलाचा मध्यम वारंवारतेचा सोनार साधारण 1 ते 10 किलोहर्ट्झचा, म्हणून तो दूरवर जातो. तेलशोधासाठी समुद्रतळ मोजणारी मोठी यंत्रं मात्र वेगळी. 2008 मध्ये मादागास्करच्या एका खाडीत सुमारे 100 मेलन-हेडेड व्हेल शिरून अडकले. स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीनं 2013 मध्ये 12 किलोहर्ट्झच्या अशाच यंत्राकडे बोट दाखवलं. तुमच्या होडीवरचं यंत्र निर्धास्त वापरा. देवमासा जाळ्यात सापडला, तर जाळं कापून सोडा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा, कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते.