आधी ताट बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोलापुरात परत येऊन आहारतज्ज्ञ म्हणून कामाला लागलीस याचा आनंद आहेच. पण सुरुवातीलाच हा प्रश्न तुला छळायला लागला, हे वाचून मला तुझ्याबद्दल जास्त खात्री वाटली. शाकाहार बरोबर की मांसाहार, आणि समोर बसलेल्या बाईला मी काय सांगू, असं तू विचारतेस. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर तुला रोज द्यावं लागणार, म्हणून आधी तोच घेते.

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या त्या विडी कामगार बाईंच्या कागदावर तू ‘मांसाहारी’ अशी खूण केलीस आणि पुढच्या रकान्यावर गेलीस. तिथे थांब. सहा माणसांच्या घरात रविवारी अर्धा किलो मटण येतं. किलोला सातशेच्या पुढे भाव असताना याहून जास्त आणणार कोण? हाडं वजा केली तर माणशी पन्नास-साठ ग्रॅम मांस उरतं, म्हणजे दहा-बारा ग्रॅम प्रथिनं, तीही आठवड्यातून एकदा. शिवाय वाटणी सारखी झाली तर. पीस आधी पुरुषांच्या ताटात जातात, मग पोरांच्या, आणि जिने मसाला वाटला तिच्या वाट्याला रस्सा आणि भात येतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर पुरुषांपैकी ८३ जण कधी ना कधी मासे, चिकन किंवा मटण खातात असं दिसलं. बायकांमध्ये हाच आकडा ७१च्या आसपास. त्याच पाहणीत त्याच वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता आणि पुरुषांपैकी २५ टक्क्यांना. बायकांच्या रक्तक्षयाला पाळी, बाळंतपणं अशी कारणं आहेतच, पण ताटातला हा भेदही त्यात आहे. म्हणून ‘मांसाहारी’ या एका शब्दावरून तुला काहीच कळत नाही. किती, कधी आणि कुणाच्या ताटात, हे विचारलंस तर कळेल.

त्या बाईंना पुढच्या वेळी हिशेब मांडून दाखव. अर्ध्या किलो मटणाच्या पैशात सात-आठ रुपयांचं अंडं घरातल्या सहाही जणांना रोज एक, असं आठवडाभर पुरतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि बी-१२ जीवनसत्त्वसुद्धा. रविवारचं मटण बंद करा असं मात्र सांगू नकोस. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात तो एक दिवस सणाचा असतो. महिन्यातले दोन रविवार मटण, दोन रविवार त्या पैशाची अंडी, एवढं पुरे. आणि तिच्या नवऱ्याला एकदा बोलावून घे. तिच्या ताटात पीस पडायला हवा, हे तिला सांगून उपयोग नाही. ते त्याला आणि सासूला ऐकवावं लागतं. कलेजीचा एक तुकडा तिच्यासाठी बाजूला ठेवा म्हणून सांग, त्यातलं लोह अंगी लागायला सोपं असतं. गरोदर असेल तर कलेजी बेतानेच, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं.

आता ती माळकऱ्यांच्या घरातली मुलगी. हिमोग्लोबिन आठ, डॉक्टरांनी अंडी खा म्हटलं आणि आजी नातीचा हात धरून बाहेर पडली. तू लिहितेस, लोक इतके हट्टी कसे? बाळा, हा हट्ट आपल्या जिल्ह्याच्या मातीतला आहे आणि त्याला आठशे वर्षांचा मान आहे. पंढरपूर आपलं. अरणचे सावता माळी आपले, मंगळवेढ्याचे चोखोबा आपले. तुळशीची माळ गळ्यात पडली की मटण सुटतं, आणि ही माळ धनगराच्या गळ्यात आहे, माळ्याच्या आहे, मराठ्याच्या आहे, चोखोबांच्या जातीतल्यांच्याही आहे. इकडे सिद्धेश्वरांच्या गावात लिंगायत घरांची भूतदया वेगळी, जैनांची वेगळी. न खाणं ही कुणा एका वरच्या जातीची मिरास इथे कधीच नव्हती. आजीच्या व्रताला अज्ञान समजून बोललीस तर ती परत येणार नाही, आणि नातीचं रक्त आठवरच राहील.

त्या आजीशी वेळा अमावस्येची गोष्ट बोल. शेतात जाऊन पांडव पुजायचे, ज्वारीची भाकरी, बाजरीचे उंडे, तूर-हरभरा-वाटाणा-शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, वर ताकाची आंबील. आहारशास्त्राच्या पुस्तकातलं धान्य आणि डाळ एकमेकांची उणीव भरतात हे सगळं प्रकरण त्या एका जेवणात आहे. प्रथिनांचे घटक बघ. ज्वारीत लायसिन कमी, ते डाळींत भरपूर. डाळींत मिथिओनिन कमी, ते ज्वारी-बाजरीत बऱ्यापैकी. सुधारणा एवढीच करायची की वर्षातून एकदा होणारं ते जेवण रोजच्या ताटात आणायचं. पन्नास किलो वजनाच्या बाईला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिनं लागतात. धान्यावरच भर असेल तर पन्नासच धर. तीन भाकऱ्यांतून वीस मिळतात, वाटीभर वरणातून सहा-सात. इथे बहुतेक घरांचं ताट संपतं, पातळ आमटीवर. पुढचं अंतर मूठभर शेंगदाणे, वाटीभर मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं आणि दह्याने भरून निघतं. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी खा म्हणून सांगावं लागत नाही, फक्त ती बोटाच्या टोकावर न घेता चांगली दोन-तीन चमचे घ्या म्हणावं लागतं. जेवणात लिंबू पिळायचं, आणि चहा जेवणाला लागून घ्यायचा नाही, कारण चहा डाळ-भाजीतलं लोह अडवतो. एवढं करूनही आठवर अडकलेलं हिमोग्लोबिन जेवणाने लवकर वर येत नाही. लोहाच्या गोळ्या द्याव्याच लागतील, तिथे भीड धरू नकोस.

आणि बी-१२. इथे शाकाहारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, आपण स्वतः शाकाहारी असलो तरी नाही. धान्य, डाळ, भाजी, फळ, कशातच ते भरवशाचं मिळत नाही. दूध-दही भरपूर असेल तर थोडं भागतं, पण पावशेर दुधाचा चहा सहा जणांत होतो त्या घरात भागत नाही. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता वर्षानुवर्षं कळत नाही, मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो आणि लोक वय झालं म्हणून सोडून देतात. गोळी स्वस्त आहे. माळेचा मान राहतो आणि नसांचाही.

आता तुझा पहिला प्रश्न. मोबाइलवर फिरणारे दोन्ही बाजूंचे निरोप बाजूला ठेव. माणसाचे दात आणि आतड्यांची लांबी मोजून शाकाहार सिद्ध होत नाही, आणि मटणाशिवाय ताकद येत नाही हेही खरं नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, सलामी, हे कर्करोगाला कारण ठरतं असं जाहीर केलं. ताज्या लाल मांसाला ‘बहुधा’ असा शेरा दिला. आपल्याकडे तो निरोप फिरला तो रविवारच्या रश्श्याचा फोटो लावून. महिन्यातून चारदा मटण खाणाऱ्याला त्या निरोपाने घाबरवणं हा अप्रामाणिकपणा आहे. त्याच्या रश्श्यावरच्या तेलाच्या तर्रीबद्दल जरूर बोल. तसंच साबुदाणा, फरसाण आणि गोड चहावर जगणाऱ्या शाकाहाऱ्यालाही सोडू नकोस. त्याच्या साखरेचा रिपोर्ट तुझ्यासमोरच असतो.

मांस सोडण्याचं खरं, टिकणारं कारण माझ्या मते एकच आहे, ते म्हणजे जिवाचे हाल. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ए-फोर कागदाएवढीही जागा मिळत नाही, आणि ब्रॉयलरचं पिल्लू सहा आठवड्यांत कापायला तयार होतं, पाय त्या वजनाला पेलत नाहीत तरी. हे ज्याच्या मनाला लागलं त्याने सोडावं, आणि त्याला कुणी हसू नये. मीही म्हणूनच खात नाही. पण मग दुधाचंही खरं बोलावं लागतं. गायीने दूध द्यायचं तर दरवर्षी वासरू व्हायला हवं, आणि संकरित गायीच्या गोऱ्ह्याला आज शेतात काम नाही. खिलार बैलाची गोष्टच वेगळी होती. त्या गोऱ्ह्यांचं पुढे काय होतं हे दूधवाल्याला विचारून बघ, तो नजर चुकवेल. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ साली पशुपालनाचा हरितगृह वायूंमधला वाटा १४.५ टक्के सांगितला, त्यात मोठा भाग गुरांचा आणि गुरांमध्ये दूधही आलंच.

आणि मांसाला पाणी फार लागतं ही गोष्ट सोलापूरकराने तरी उचलून आणलेल्या आकड्यांवर बोलू नये. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात आपण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागणारा ऊस लावतो. साखर पूर्ण शाकाहारी आहे. सांगोल्याकडची बाई चार उस्मानाबादी शेळ्या बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर जगवते, आणि दुष्काळात एक बोकड विकून पोराची फी भरते. तिला पर्यावरणाचं शहाणपण शिकवायला जाण्याआधी साखर कारखान्याच्या चिमणीकडे बघावं.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. घर भाड्याने देताना ‘खाणाऱ्यांना नाही’ म्हणतात, डबा उघडला की शेजारची खुर्ची सरकते, तिथे प्रश्न आहाराचा उरलेलाच नसतो. तिथे जात विचारली जाते, ताटाच्या निमित्ताने. तुझ्या खोलीत हे घडता कामा नये. ‘तुमच्यात चालतं का’ असं विचारूच नकोस. ‘काल सकाळपासून काय-काय खाल्लं’ असं विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. काही जण लाजून मटण लपवतील, काही जण उपाशी राहिल्याचं लपवतील.

शाळेतल्या अंड्याबद्दल तू माझं मत विचारलं होतंस. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने आठवड्यातून एकदा पोषण आहारात अंडं दिलं, न खाणाऱ्या मुलांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचे पैसे थांबवले आणि लोकवर्गणीतून करा म्हटलं. मला हे चूक वाटतं, आणि मी न खाणारी असून चूक वाटतं. ज्या वस्तीतल्या पोरांना अंड्याची सर्वांत जास्त गरज आहे तिथे वर्गणी कोण देणार? केळ्याचा पर्याय होता, कुणाचं व्रत मोडत नव्हतं. तुझ्या ओळखीच्या शाळांत शिक्षकांशी बोल, दोन-चार दुकानदार गाठ. वर्गणीवर सोडलंय तर वर्गणी काढूया, माझे पैसे धर. पण निवेदनही दे, कारण ही जबाबदारी सरकारची आहे.

राहता राहिली तू. मांस सोडावं असं काही दिवस मनात आहे, पण घरी काय म्हणतील याची धास्ती वाटते, असं शेवटी बारीक अक्षरात लिहिलं आहेस. सोडायचं असेल तर सोड. आधी बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घे, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येईल. वडिलांशी वाद घालू नकोस, त्यांच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करू नकोस. आणि रविवारी घरात मटण शिजत असेल तेव्हा तुझी उसळ तू कर, आईवर दुसरा स्वयंपाक टाकू नकोस.

तुझी,
मॅडम