जिथे हात जातो तिथे

नागपूर, नवतप्याचा तिसरा दिवस

प्रिय बेटा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शांतपणे ऐकून घेतलं, पण फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. भर दुपारी अडीच वाजता वर्धा रोडवर स्कूटी बंद, मोबाइल बंद, बाटलीत दोन घोट पाणी आणि डोळ्यांपुढे अंधारी. त्या रसवंतीवाल्या भावाने सावलीत बसवून पाणी पाजलं, त्याचं भलं होवो. रात्री तू म्हणालीस, "काकू, जवळ काय काय ठेवायचं त्याची यादी पाठवा ना."

यादी मी मुद्दाम पाठवत नाही. तूच सांगितलंस, घरी डब्यात ओआरएसची पाच पाकिटं आहेत आणि पॉवर बँक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. म्हणजे सगळं होतं. तू जिथे होतीस तिथे मात्र नव्हतं. मला बोलायचं आहे ते एवढ्याबद्दलच.

एकतीस वर्षं मी वॉर्डात काढली. आमच्याकडे इमर्जन्सी ट्रॉली असायची. दर ड्युटीला, येणारी आणि जाणारी अशा दोघींनी मिळून ती तपासायची. कुठलं इंजेक्शन कुठल्या खणात हे ठरलेलं. लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे घशात बघायच्या उपकरणाचा, दिवा लागतो का, ते लावूनच बघायचं. "काल लागला होता" चालत नसे. एकदा कुणीतरी चांगल्या मनाने अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, धुऊन, पुसून, कपाटात नीट ठेवून दिली. रात्री पेशंटचा श्वास थांबला. ट्रॉलीवर हात गेला, तर जागा रिकामी. कपाट उघडून बॅग आणेपर्यंत अर्धा मिनिट गेला असेल. पेशंट वाचला. पण तो अर्धा मिनिट मी अजून विसरलेली नाही. वस्तू हरवली नव्हती की मोडली नव्हती. फक्त आवरून ठेवलेली होती.

इतकं शिकूनही घरी मी तेच केलं. तू राहायला आलीस तेव्हा जिन्याखालच्या भिंतीवरची मातकट रेघ पाहून विचारलं होतंस, हे काय? मी म्हटलं होतं, पाणी आलं होतं. बाकीचं सांगितलं नव्हतं, ते आज सांगते.

२०२३ च्या सप्टेंबरातली २२ आणि २३ तारखेमधली रात्र. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी दोन्हीकडच्या वस्त्यांत घुसली. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. आम्हाला जाग आली ती न्हाणीतल्या आवाजाने. मोरीच्या जाळीतून पाणी उलटं गुडगुडत वर येत होतं. मी पाय खाली सोडला तो थेट घोट्याभर पाण्यात. लाइट गेलेली.

आमच्याकडे संकटाचा डबा होता. मीच केलेला, निळ्या झाकणाचा मोठा. त्यात टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी, काकांचा नवा इनहेलर, बँकेची कागदं, ड्रेसिंगचं सामान. तो होता दिवाणात. दिवाणावर गादी, गादीवर काका. ते उठेपर्यंत गादीचा खालचा कोपरा पाणी पिऊन जड झाला होता. फळीच्या कडीत बोट अडकवून मी ओढत होते आणि फुगलेलं प्लायवूड हलत नव्हतं. अंधारात आम्ही दोघं त्या फळीशी झटत होतो आणि पाणी पिंडऱ्यांवर चढत होतं. शेवटी सोडून दिलं.

काकांना धाप लागली ती त्या झटापटीने. तेव्हा माझा हात आपोआप दाराजवळच्या खुंटीवर गेला. तिथे त्यांचा सदरा असतो आणि सदऱ्याच्या खिशात रोजचा इनहेलर. शोधावा लागलाच नाही. कारण पंधरा वर्षं तो तिथेच असतो आणि रोज सकाळी तिथूनच निघतो. दोन पफ घेऊन, भिंत धरत आम्ही वरच्या, पुढे तू राहिलीस त्या, खोलीत गेलो. निळा डबा तीन दिवसांनी काढला. इनहेलरच्या खोक्याचा लगदा झाला होता.

त्या रात्रीपासून मी सामान वाढवलं नाही. फक्त त्याच्या जागा बदलल्या.

पलंगाच्या डाव्या बाजूला, झोपल्या झोपल्या हात पोचेल अशा खिळ्याला टॉर्च टांगलेली आहे. रोज रात्री टाकीचं पाणी बघायला मी तीच घेते, त्यामुळे सेल उतरले की मला त्याच दिवशी कळतं. मोबाइलची टॉर्च यात धरायची नाही. ज्या बॅटरीवर मदत मागायची, तिच्यावर घरभर फिरू नये. पलंगाखाली चप्पल, तोंड बाहेरच्या बाजूला करून. काच फुटलेली असो, साप असो, पाणी असो, पहिला धोका पायाला असतो. आणि मेन स्विच. तुझ्या नव्या खोलीतला मेन स्विच कुठे आहे, तुला माहीत आहे का? पाणी घरात शिरायची चिन्हं दिसली की कोरड्या पायाने, कोरड्या हाताने तो आधी पाडायचा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, मग काहीही होवो.

कूलरचंही इथेच सांगते. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा हे सगळ्यांना पाठ असतं. तरी प्लग कपाटाच्या मागे असला की कंटाळा केला जातो. कपाट सरकव. कुणी चिकटलंच, तर त्याला ओढायला न धावता बटणाकडे धावता आलं पाहिजे.

आता तुझ्या दुपारबद्दल. ओआरएसचं मोल तुला कळावं म्हणून एक गोष्ट सांगते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, तुमच्या माणसाला पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. औषध नर्सच्या टेबलावरून आईच्या हातात गेलं, म्हणून ती माणसं वाचली. ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

म्हणून ते पाकीट डब्यात नको, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात हवं. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. अर्ध्या बाटलीत अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नकोस, प्रमाण चुकतं. दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटं मिळतात, पर्ससाठी ती घे. केमिस्टकडे पाकिटावरचं सूत्र वाचून घे; रंगीत, गोड पेयाचं खोकं म्हणजे ओआरएस नव्हे. घरी असशील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. कैरीचं पन्हं, ताक जरूर पी, पण आजारी पडल्यावर ओआरएसच.

यापुढचं नीट वाच. उन्हात कुणी भलतंच बडबडायला लागलं, ओळख विसरलं, कोसळलं, तर त्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही; ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन, सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि जोरात वारा. उष्माघातात शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर जातं, तेव्हा थंड करायला एक मिनिटही उशीर करायचा नाही. तुझा दुपट्टा ओला करून त्याच्या अंगावर टाक. नागपुरात आपण दुपट्टा तोंडाला गुंडाळतोच, पण तो झोळी आहे, पट्टी आहे, ओलं फडकंही आहे हे लक्षात असू दे.

स्कूटीच्या डिकीत औषधं ठेवू नकोस, पॉवर बँक तर नाहीच. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७ च्या वर गेला होता. तो सावलीतला आकडा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हात घालून बघ, म्हणजे समजेल. बहुतेक गोळ्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. डिकीत राहू दे रेनकोट, पाण्याची जास्तीची बाटली आणि एक रुंद रोलर बँडेज, प्लास्टिकच्या पिशवीत.

बँडेज जानेवारीसाठी. संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजाने दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात, बंदी असूनही. तेव्हा गळ्याभोवती दुपट्टा जाड गुंडाळून निघ आणि गाडी हळू चालव. रक्त भळभळा येत असेल तर स्वच्छ कापड घडी करून जखमेवर दाबायचं, आणि दाबूनच धरायचं. थांबलं का म्हणून उचलून बघण्याचा मोह फार होतो. उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवायचं.

अंगावर, म्हणजे पर्स विसरली तरी राहील असं, काय असावं? एक कागद, पेनाने लिहिलेला. आईचा नंबर, माझा नंबर, रक्तगट, तुला सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे ते. मोबाइल बंद पडल्यावर तुला परवा एकही नंबर आठवेना, हे तूच सांगितलंस. कागदामागे दोनशे रुपये, पन्नास-वीसच्या नोटांत. पुराच्या दुसऱ्या दिवशी नेटवर्क नव्हतं आणि दूध रोखीनेच मिळालं. किल्लीला एक शिटी अडकव. लिफ्टमध्ये अडकलीस तर ओरडून घसा बसतो, शिटी वाजत राहते.

तपासणी मी सणांना बांधली आहे. होळीला उन्हाळ्याचं, मृगाला पावसाचं. आणि मारबतीच्या दिवशी, इडा पीडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी महाल भागात घुमते तेव्हा, मी घरातली मुदत संपलेली औषधं काढते, गोळ्या पाकिटातून फोडून टाकते, म्हणजे पुन्हा कुणाच्या हाती लागत नाहीत.

सोबत टॉर्च पाठवते आहे, दोरीसकट. भिंतीला खिळा चालेल का ते घरमालकांना विचार. नको म्हणाले तर चिकटवायचा हूक लाव. मग आज रात्रीच सगळे दिवे बंद कर, डोळे मीट आणि पलंगावर पडूनच टॉर्च, चप्पल, किल्ली आणि पाणी हाताने शोध. किती वेळ लागला ते उद्या फोन करून सांग. मी वाट बघते.

तुझी,
काकू