जानेवारीत उत्साह, फेब्रुवारीत लेवीय

प्रश्न : पाळकसाहेब, जय ख्रिस्त. दरवर्षी १ जानेवारीला ठरवते की यंदा रोज तीन अध्याय वाचून बायबल पूर्ण करायचंच आणि दरवर्षी लेवीयमध्ये, म्हणजे बायबलातल्या तिसऱ्या, नियमांच्या पुस्तकात, अडकते. यंदाही तेच, दीड महिना झाला वाचन बंद आहे, मनाला फार लागतंय. त्यात यजमानांची बदली नागपूरला झालीये, मुलगी पुढच्या वर्षी दहावीत, जावं की नाही काही सुचेना, म्हणून परवा प्रार्थना करून डोळे मिटून पान उघडलं तर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं, ते देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत असं सांगणारं वचन. हे देवाचं उत्तर समजू का? – एक भगिनी, जालना

उत्तर : जय ख्रिस्त, ताई. आधी हिशोब बघा. पहिली दोन पुस्तकं, उत्पत्तीचे ५० अध्याय, निर्गमाचे ४०, रोज तीन म्हणजे ३० दिवस, ३१ जानेवारीला लेवीय सुरू. योसेफ, मोशे, तांबडा समुद्र इथपर्यंत गोष्ट आपल्याला ओढत नेते, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, मग होमार्पणांचे नियम, आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री साडेदहाला ते वाचायचं म्हटल्यावर डोळे मिटणारच. यात तुमची श्रद्धा कमी पडली असं अजिबात नाही, आमच्या मंडळीतले निम्मे लोक तिथेच थांबलेले असतात.

पण लेवीय सोडून देऊ नका हो. सरळ १९वा अध्याय काढा. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, आणि त्याच अध्यायात १८व्या वचनात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, जे प्रभू येशूने पुढे मोठ्या आज्ञांमध्ये घेतलं. हे वाचलं की लगेच रूथचं पुस्तक घ्या, चारच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. मवाब देशातून आलेली परकी विधवा रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सातूचा सरवा वेचते, म्हणजे लेवीयातला तो कोरडा वाटणारा नियम इथे रूथ आणि तिची सासू अशा दोन बायकांच्या घरची चूल पेटवतो. आपल्याकडे जिने कधी शेतात सरवा वेचलाय तिला हे समजावून सांगावं लागत नाही. मला स्वतःला लेवीय आवडायला लागलं ते रूथमुळे.

आता बदलीचं. पान उघडून बोट ठेवायची पद्धत मला पटत नाही, स्पष्टच सांगतो, कारण बोट चार पानं इकडेतिकडे पडलं असतं तर भलतंच काही आलं असतं आणि तुम्ही तेही देवाचं उत्तर धरलं असतं. देव कशातूनही बोलू शकतो, नाही म्हणत नाही. पण यिर्मया २९ हे पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं, आणि ११व्या वचनाच्या आधी १०व्या वचनात ७० वर्षांनी परत आणीन असं लिहिलंय. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यातले बरेच परत येण्याआधीच वारले असणार. त्यांना देव काय सांगतो, तर तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ताई, नागपूरला जा किंवा जाऊ नका असं यात कुठेही नाहीये, पण जिथे राहाल तिथे उपरं होऊन राहू नका हे मात्र आहे, आणि बदलीच्या घरात ते फार उपयोगी पडतं.

आणि हेच यिर्मयाचं लिखाण पुढे त्याच बाबेलच्या कैदेतला दानीएल वाचतो, दानीएलाच्या पुस्तकाचा ९वा अध्याय बघा. ७० वर्षांचा आकडा वाचून तो सामान बांधायला लागत नाही, उपास करतो आणि आपल्या लोकांची पापं कबूल करून विनवणी करतो. मार्गदर्शन बहुतेक वेळा असंच येतं, वाचता वाचता आधी आपणच बदलतो. दहावीचं वर्ष, नवी शाळा, भाडं, हे सगळं यजमानांबरोबर बसून मुलीला विचारून ठरवा, तिला वगळू नका.

वाचन परत सुरू करायचंय ना, मग मागचं भरून काढत बसू नका. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा दुसरा भाग, घ्या, २६० अध्याय, आठवड्यात पाच दिवस रोज एक वाचला तरी ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो आणि दोन दिवस मोकळे राहतात, पाहुणे, आजारपण, लाईट जाणं यासाठी. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा, १६च अध्याय. जुनी भाषा अडली तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवा, आणि पंडिता रमाबाईंची आठवण ठेवा, त्यांनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच.

प्रश्न : शिफ्ट ड्यूटी आहे, बसमध्ये मोबाईलवर बायबल ऐकतो. ते वाचन धरायचं का? – एक तरुण, पुणे

उत्तर : बेशक धरा. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुतेकांनी ऐकलेलंच आहे, नव्या करारातल्या कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी प्रेषित पौल सांगतो की हे पत्र मंडळीत वाचून दाखवा. फक्त स्टॉप आला की मधलं निसटतं, म्हणून घरी आल्यावर त्यातला एखादा परिच्छेद छापील पुस्तकात मोठ्याने वाचा, खोलीतला मित्र जागा असेल तर त्यालाही ऐकवा.