डोस वाढतोय म्हणजे सवय लागतेय?

"मॅडम, थायरॉइडची गोळी पंचवीसची पन्नास झाली, पन्नासची पंच्याहत्तर. आता शंभर करतील. दारूचं असंच असतंय न्हवं?"

समोर बसलेल्या ताईंचं वय ३९. शाहूपुरीत गुळाच्या एका पेढीवर हिशेब बघतात. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) खरं तर थायरॉइडसाठी त्या आल्याच नव्हत्या. कशात मन लागत नाही, उगाच रडू येतं, म्हणून नवऱ्याने माझ्याकडे समुपदेशनाला आणलं होतं. एप्रिलची दुपार, माझा पंखा पाचवर, आणि बसल्या बसल्या त्यांनी तो कमी करायला सांगितला. आवाज घोगरा, डोळ्यांखाली सूज.

"मी नुसता दमतो, मॅडम," म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका 'आलो-गेलो' बोलतात त्यात एक रुबाब असतो. यांच्या बोलण्यातनं तो गेला होता. घरी सगळे आळशी म्हणत होते आणि त्यांनाही ते पटायला लागलं होतं.

फाईल उघडली. दीड वर्षापूर्वी टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात चढणारा आकडा, १४. गोळी सुरू. मग १२, मग ११. दर वेळी डोस वाढलेला, रिपोर्ट मात्र जागचा हलायला तयार नाही. त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला होता: अंगाला सवय लागली, आता जन्मभर वाढतच जाणार. म्हणून दोन महिने गोळी अधूनमधून चुकवायलाही सुरुवात केलेली.

ही भीती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. मी त्यांना विचारलं, "गोठ्यातली म्हैस आटली की आपण रतीब लावतो. त्याला कुणी व्यसन म्हणतं का?" गळ्यातली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन कमी करायला लागली की तेवढंच बाहेरून द्यायचं, एवढंच त्या गोळीचं काम. ताईंच्या रक्तात अँटी-टीपीओ जास्त होतं, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली. अशात रतीब बहुतेक कायमचा असतो. बाळंतपणानंतरचा थायरॉइड कधीकधी आपोआप सावरतो, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. आपण आपल्या मनाने गोळी बंद करून बघायचं नाही.

पण मग डोस वाढूनही आकडा उतरत का नव्हता? मी म्हटलं, "कालची सकाळ सांगा. उठल्यापासून, एकेक करून."

इथे गाठ सुटली. सासरे जुने तालमीतले. त्यांच्या मते गोळी गरम पडते, म्हणून ती दुधातनंच घ्यायची. रोज सकाळी कट्ट्यावरनं धारोष्ण दूध येणार, त्याचा पेला सुनेच्या हातात. प्रेमच होतं ते. शिवाय पाळीत अंगावरून फार जातं म्हणून लोहाची गोळी चालू होती. "विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच घेतो."

दुधातलं कॅल्शियम आणि ते लोह, दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात. गोळी पोटात जात होती, रक्तात पुरती पोचत नव्हती. अंगावरून जास्त जाणं हेसुद्धा थायरॉइड कमी असल्याचं लक्षण असू शकतं, म्हणजे त्या आजारापायी आलेली गोळीच त्या आजाराच्या गोळीला आडवी येत होती!

डोस हा माझा प्रांत नाही. घेण्याची पद्धत बदलण्याआधीच त्यांना डॉक्टरांकडे धाडलं, कारण गोळी नीट लागू पडायला लागली तर पंच्याहत्तर जास्त झाली असती. तसं झालं की छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. डॉक्टरांनी पन्नासवर आणली. पहाटे पाणी भरायला उठल्या की नुसत्या पाण्याबरोबर गोळी, चहा तासाभराने. लोह रात्री जेवणानंतर, कारण दोन्हींत ४ तासांचं तरी अंतर हवं. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, त्यामुळे पंधरा दिवसांत लॅबकडे पळण्यात अर्थ नसतो. पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी.

बाकी गोष्टींवर फार वेळ घालवला नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्लं तर चालतं, मीठ आयोडीनचं साधं पुरे, वेगळ्या आयोडीनच्या गोळ्या नकोत. धन्याचं पाणी आवडत असेल तर प्या, गोळीच्या बदल्यात नको. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधी सांगा, त्याने आकडे चुकू शकतात. वजनाचं मात्र स्पष्ट सांगितलं: वाढलेल्या अकरा किलोंतले दोन-चार थायरॉइडचे, तेही बरंचसं पाणीच. उरलेल्यांसाठी चालायला रंकाळा तलाव आहे. पहिले पंधरा दिवस फक्त दहा मिनिटं, कारण दमलेल्या माणसाला पूर्ण फेरी सांगितली की तो दुसऱ्या दिवशी येतच नाही.

नऊ आठवड्यांनी टीएसएच ३.४. रडू कमी झालं होतं, संपलं नव्हतं. दीड वर्षं आळशी म्हणवून घेतल्याचं ओझं गोळीने उतरत नाही, त्यासाठी आम्ही अजून चार वेळा भेटलो.

त्यातल्या एका भेटीला मामंजी सोबत आले. सगळं नीट ऐकून घेतलं, मग जरा पुढे सरकून म्हणाले, "म्हंजे गाईचं दूध आडवं येतंय. म्हशीचं चालतंय न्हवं?"

"म्हशीचंही संध्याकाळीच, मामा," सूनच म्हणाली.